ज्या वयाचे काम, त्या वयाला करू द्या

संध्याकाळचे साडेसात वाजले आहेत. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा. ६ महिन्यांचे बाळ झोळीत रडते आहे. त्याची अडीच वर्षांची बहीण 'मीच घालणार' म्हणून चपलेशी झगडते आहे. शेजारची ४ वर्षांची पोर उंबऱ्यावर बसून प्रत्येक गोष्टीला 'का?' विचारते आहे. बाळाचा काका पाचवीत आहे. त्याला आज चाचणीचा पेपर मिळाला आणि तो त्याने दप्तराच्या तळाशी दडवला आहे. १७ वर्षांची आत्या पोटमाळ्याच्या शिडीवर मोबाइल घेऊन बसली आहे. बाळाची आई २१ वर्षांची, चुलीपाशी एकटीच. २४ वर्षांचा बाप अजून डिलिव्हरीच्या फेऱ्या मारतो आहे. ४६ वर्षांचे आजोबा ड्युटीवरून येऊन, कोणाशी न बोलता टीव्हीसमोर बसले आहेत. आणि कोपऱ्यात पणजी आहे. ती मघापासून काहीतरी सांगते आहे, पण टीव्हीच्या आवाजात कोणाला ऐकू जात नाही.

अशाच खोल्यांत आपण वाढलो आणि आपली मुलेही वाढत आहेत. रोज कोणाचा ना कोणाचा आवाज चढतो. मग आपण म्हणतो, "जागाच नाही, म्हणून कटकट." ते खरेच आहे. पण जागेच्या भांडणाखाली आणखी एक भांडण असते, ते आपल्याला दिसत नाही. या एका खोलीत आठ वेगवेगळ्या वयांची माणसे आहेत आणि प्रत्येक वयाचे मनाचे काम वेगळे आहे.

शरीराच्या वाढीचे टप्पे आपण चांगले ओळखतो. अंगणवाडीताई बाळाचे वजन करतात, लसीचे कार्ड भरतात. मान कधी धरली, दात कधी आले, पहिले पाऊल कधी टाकले, हे आजी बोटांवर मोजून सांगते. मनाच्या वाढीचे मात्र आपल्या घरात कार्ड नाही. अंग वाढले की मन आपोआप वाढले, असे आपण धरून चालतो.

आमचे म्हणणे असे आहे की प्रत्येक वयाला आपले काम करायला वाव मिळाला पाहिजे. गरिबी तो वाव आपल्या माणसांकडून हिसकावून घेते. पण पुष्कळदा तो आपणही हिसकावतो. गरिबीचा वाटा एका लेखाने कमी होणार नाही. आपला वाटा मात्र आजपासून कमी करता येईल आणि त्याला पैसा लागत नाही.

आठ टप्पे मांडणारा माणूस

मनाच्या वाढीचे असे कार्ड मांडणाऱ्यांत एरिक एरिक्सन यांचे नाव पहिल्या रांगेत येते. १९०२ साली जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे त्यांचा जन्म झाला. आई ज्यू, मूळची डेन्मार्कची. जन्मदाता बाप कोण, हे त्यांना आयुष्यभर कळले नाही. सावत्र वडील मुलांचे डॉक्टर होते. ज्यूंच्या प्रार्थनाघरात मुले एरिकला गोरा, सोनेरी केसांचा परका म्हणून चिडवत आणि जर्मन शाळेत तोच मुलगा ज्यू म्हणून हिणवला जाई. दोन्हीकडून बाजूला काढले जाणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

शाळा सुटल्यावर ते काही वर्षे चित्रे काढत भटकले. कॉलेजची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. पुढे व्हिएन्ना शहरात लहान मुलांना शिकवता शिकवता त्यांनी अ‍ॅना फ्रॉइड यांच्याकडे मनोविश्लेषणाचे शिक्षण घेतले. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी ते पत्नी जोन आणि मुलांना घेऊन अमेरिकेला गेले. तिथे नागरिकत्व घेताना त्यांनी आपले आडनाव स्वतः निवडले. एरिक्सन, म्हणजे एरिकचा मुलगा. १९५० साली त्यांचे 'चाइल्डहुड अँड सोसायटी' हे पुस्तक आले आणि त्यात आयुष्याचे आठ टप्पे मांडलेले होते. या कामात जोन यांचाही वाटा होता. पदवी नसलेला हा माणूस नंतर हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाला.

त्यांचा मुद्दा साधा होता. माणसाचे मन लहानपणी घडून संपत नाही. ते म्हातारपणापर्यंत घडत राहते. प्रत्येक टप्प्यावर मनात एक ओढाताण असते. तिच्या एका बाजूला बळ असते आणि दुसऱ्या बाजूला दुखणे. ही पास-नापासाची परीक्षा नव्हे. दुसरी बाजूही थोडी लागतेच. जगावर विश्वास हवा, तसे अनोळखी माणसाने दिलेले चॉकलेट घेऊ नये एवढा अविश्वासही हवा. बळाचे पारडे जड राहिले म्हणजे झाले. आणि एखादा टप्पा कच्चा राहिला, तर तो पुढच्या वयात भरून काढता येतो. ही शेवटची गोष्ट आमच्या दृष्टीने सर्वात मोलाची आहे.

झोळी, चप्पल आणि 'का?'

पहिले दीड वर्ष विश्वासाचे. बाळ रडले, कोणी आले. पुन्हा रडले, पुन्हा कोणी आले. यातून त्याच्या मनात पक्के होते की हे जग भरवशाचे आहे. एरिक्सन यांनी स्पष्ट लिहिले आहे की हा भरवसा दुधाच्या किंवा लाडाच्या मापावर ठरत नाही, नात्याच्या गुणावर ठरतो. महागडी खेळणी नसलेल्या आईने स्वतःला दोष देऊ नये. ती कामावर गेली तरी चालेल. तिच्यामागे बाळाला घेणारे हात रोज तेच आणि मायेचे असावेत.

दीड ते तीन वर्षे 'मी करणार'ची. चप्पल उलटी घालेल, भात सांडेल. आपल्याला घाई असते, आपण हिसकावून घेतो. चड्डी ओली झाली की चारचौघांत 'शी शी' करून हसतो. या वयाचे दुखणे लाज आणि स्वतःवरची शंका हे आहे. दोन मिनिटे थांबलो, तर मूल स्वतःच्या पायांवर उभे राहायला शिकते.

तीन ते सहा वर्षे पुढाकाराची. खेळ मांडणे, भातुकली, डॉक्टर-डॉक्टर, आणि 'का?'ची न संपणारी माळ. 'गप बस' हे या वयाला दिलेले सर्वात वाईट उत्तर. याच वयात आपल्या कितीतरी मुलींच्या काखेत धाकटे भावंड दिले जाते. आई कामावर जाते, इलाज नसतो, हे आम्हाला ठाऊक आहे. पण भाऊ त्याच वेळी गल्लीत खेळत असतो. खेळ हे मुलाचे काम आहे. ते दोघांना सारखे मिळाले पाहिजे.

दप्तराच्या तळाशी दडवलेला पेपर

६ ते १२ या वयावर आम्हाला जास्त बोलायचे आहे, कारण आपल्या मुलांना पहिला मोठा मार इथे बसतो. या वयाचे काम आहे 'मला जमते' हे अनुभवणे. वाचायला जमते, पतंगाची कणी बांधायला जमते, सायकल दुरुस्त करायला जमते. ते अनुभवायला मिळाले नाही तर न्यूनगंड घर करतो.

एरिक्सन यांनी एक इशारा दिला होता. शिकण्याच्या इच्छेपेक्षा कातडीचा रंग, आई-बापाची पार्श्वभूमी किंवा अंगावरचे कपडे यांवरून आपली किंमत ठरते, असे शाळकरी मुलाला वाटू लागले, तर त्याच्या मनाला खोल इजा होते. हे त्यांनी पुस्तकात वाचून लिहिले नव्हते. १९३० च्या दशकात ते अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात सू आदिवासींच्या वसाहतीत गेले होते. सरकारी शाळेतले शिक्षक म्हणत, ही मुले मंद आहेत, त्यांना कशातच रस नाही. एरिक्सन यांना वेगळे दिसले. घर शिकवत होते की असेल ते वाटून खावे. शाळा शिकवत होती की साठवावे आणि दुसऱ्याच्या पुढे जावे. शाळा मुलांच्या घराला कमी लेखत होती आणि मुले दोन्हींच्या मध्ये गोठून गेली होती.

केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने अमेरिकेत लहान कृष्णवर्णीय मुलांसमोर बाहुल्या ठेवल्या. रंग सोडला तर सगळ्या सारख्या. 'चांगली बाहुली कोणती?' असे विचारले, तेव्हा बहुतेक मुलांनी गोरी बाहुली उचलली. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात या कामाचा दाखला आहे. मुलाच्या मनावरची जखम न्यायालयानेही पुरावा म्हणून मान्य केली.

आणि आपल्याला तर इतके लांब जायचेही कारण नाही. साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून नेलेले गोणपाट, आणि शिपाई नसेल तर पाणी नाही, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ते वय हेच होते. आज गोणपाट गेले आहे. पण 'कुठल्या वस्तीत राहतोस?', 'तुला शिष्यवृत्ती मिळते ना?' हे प्रश्न भर वर्गात विचारले गेले, की पोर घरी येऊन जेवत नाही. ते कारण सांगत नाही, कारण ते सांगायला त्याच्याकडे शब्द नसतात.

शाळेला जाब विचारायचा तो विचारलाच पाहिजे. पण आम्हाला इथे आपल्या घराविषयी बोलायचे आहे. बाहेरच्या अपमानाला आपण कितीदा आतून साथ देतो! 'याच्या डोक्यात शेण भरलंय', 'शेजारच्याकडे बघ', 'तुझ्यासाठी मरमर मरायचं आणि तू हे मार्क आणतोस'. आमच्यापैकी काहींनी हे स्वतःच्या मुलांना म्हटले आहे. मुलाचे भले व्हावे म्हणूनच म्हटले. पण मुलाने त्यातून एवढेच ऐकले की शाळेत म्हणतात तेच खरे आहे.

म्हणून पेपर दडवलेल्या पोराला पहिला प्रश्न 'किती पडले?' असा विचारू नये. 'यातलं कुठलं गणित जमलं?' असा विचारावा. एक तरी जमलेले असते. तिथून पुढे जावे. घरात त्याच्या हाताला एखादे खरे काम द्यावे. विजेचे बिल आजीला वाचून दाखवणे, वाण्याचा हिशेब तपासणे. आणि काम झाले की 'हे नीट केलंस' एवढे म्हणावे.

उसंत

१२-१३ वर्षांपासून पुढची काही वर्षे ओळखीची. मी कोण? कोणासारखा होणार? माझी माणसे कोणती? एरिक्सन यांच्या नावाशी सर्वात जास्त जोडला गेलेला टप्पा हाच. त्यांनी सांगितले की या प्रश्नांची उत्तरे शोधायला तरुणांना समाजाने थोडा मोकळा काळ द्यावा लागतो. एखादी गोष्ट करून बघावी, चुकली तर सोडावी, दुसरी धरावी, असा काळ. आम्ही त्याला उसंत म्हणतो.

खात्यापित्या घरात ही उसंत आपोआप मिळते. मुलगा एक कोर्स सोडून दुसरा घेतो, एक वर्ष 'ड्रॉप' घेतो, आई-बाप निभावून नेतात. आपल्याकडे दहावीचा निकाल लागतो आणि दुसऱ्या आठवड्यात पोरगा कॅटरिंगला, गोदामात किंवा नाक्यावर असतो. पहिला पगार हातात पडला की आपण म्हणतो, 'आता तू मोठा झालास.' पगार आलेला असतो, पण मी कोण याचे उत्तर आलेले नसते.

उत्तर न सापडलेला पोरगा रिकामा राहत नाही. नाक्यावरचा कोणी दादा त्याला नाव देतो, बॅनरवर फोटो देतो, मोटारसायकलच्या मागे जागा देतो. एरिक्सन यांनी हेही ओळखले होते. सतत 'तू वाया गेलास' ऐकणारा तरुण शेवटी वाया जाणे हीच आपली ओळख करून टाकतो. कोणीच नसण्यापेक्षा वाईट का होईना, कोणीतरी असणे त्याला बरे वाटते. नशेला लागलेल्या पोरांच्या आया आम्हाला भेटतात, तेव्हा त्या म्हणतात, "लहानपणी लई गुणाचा होता हो." तो गुणाचा होताच. ज्या वर्षी त्याला उसंत हवी होती, त्या वर्षी आपल्याला दोन पैसे हवे होते.

मग गरिबाने काय करायचे? इथे एक उदाहरण आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. मुंबईत परळच्या चाळीत रामजी सुभेदारांचे बिऱ्हाड एका खोलीत होते. त्या गर्दीत अभ्यासाला जागा नव्हती. वडील मुलाला लवकर झोपवत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला उठवून अभ्यासाला बसवत. मग त्याच्या रिकाम्या जागेवर आपण झोपत. पुस्तकांसाठी लेकीचे दागिने गहाण ठेवले. जागा वाढवता आली नाही, म्हणून त्यांनी रात्रीतून वेळ काढला. केळुस्कर गुरुजींनी शाळकरी भीमरावाच्या हातात बुद्धचरित्र ठेवले. त्या पुस्तकाचे काय झाले ते १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जगाने पाहिले. लाखो माणसांनी त्या दिवशी 'मी कोण' याचे उत्तर स्वतः दिले, दुसऱ्याने चिकटवलेले उत्तर खाली ठेवले.

रामजी सुभेदार श्रीमंत नव्हते. केळुस्कर गुरुजी घरचे नव्हते. प्रत्येक वस्तीत असे एक-दोन मोठे लोक असावेत, ज्यांचे लक्ष पोरांवर असते. कोण काय वाचते, कोणाचा हात चित्राकडे वळतो, कोणाला यंत्र उघडून बघावेसे वाटते, हे पाहणारे लोक. पोरगा कामाला गेला तरी संध्याकाळचे दोन तास त्याचे असू द्यावेत. अभ्यासिकेत बसो, कबड्डी खेळो, ढोलकी शिको. एक गोष्ट सोडून दुसरी धरली तर लगेच 'धरसोड्या' म्हणू नये. या वयात धरून सोडणे हेच काम असते.

मुलींना प्रश्नच विचारला जात नाही

ओळखीनंतरचा टप्पा जवळिकीचा. जोडीदाराशी, मित्रांशी मनमोकळे नाते जोडण्याचा. ते जमले नाही की माणूस घरभर माणसे असूनही एकटा पडतो. एरिक्सन यांचा क्रम असा की आधी 'मी कोण' हे थोडेतरी कळावे, मग दुसऱ्याशी खरी जवळीक होते.

या क्रमावर हार्वर्डमध्येच त्यांच्यासोबत शिकवलेल्या कॅरोल गिलिगन यांनी हरकत घेतली. १९८२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी दाखवले की हा आराखडा पुरुषाचे आयुष्य समोर ठेवून काढलेला आहे. बाईची ओळख आणि तिची नाती एकमेकांत गुंतून वाढतात. ही हरकत आम्हाला मान्य आहे. पण आपल्या वस्त्यांत याहून अवघड गोष्ट घडते. मुलीला 'तू कोण' हे विचारलेच जात नाही. १८ पूर्ण झाले की कायद्याची अडचण संपली असे समजून लग्न लावले जाते. वर्षभरात पाळणा. २१ व्या वर्षी ती दोन लेकरांची आई असते. आणि तिला काय आवडते, हे तिला स्वतःलाही सांगता येत नाही.

अठरा ही कायद्याने घातलेली खालची मर्यादा आहे. ती लग्नाची ठरलेली तारीख नव्हे. मुलीलाही उसंत हवी. आणि लग्न होऊन आलेल्या सुनेला हवा आहे नवऱ्याशी निवांत बोलायला आठवड्यातून एखादा तास. एका खोलीत ते अवघड असते. मग सासूने नातवंडांना घेऊन बागेत किंवा विहारात जावे. हा सल्ला कोणाला हसण्यासारखा वाटेल, पण कितीतरी जोडप्यांचे बोलणे केवळ जागेअभावी बंद पडते आणि भांडणातूनच पुन्हा सुरू होते.

टीव्हीसमोर बसलेले आजोबा

४० ते ६५ च्या आसपासचे वय पुढच्या पिढीसाठी काही घडवण्याचे. पोटची मुले त्यात आलीच. त्याखेरीज शिकवणे, झाड लावणे, संस्था उभी करणे, हातातली कला दुसऱ्याच्या हातात देणे हेही त्यात येते. ते झाले नाही, तर माणूस साचून राहतो. ड्युटी, जेवण, टीव्ही, झोप. काहींच्या बाबतीत त्यात बाटलीची भर पडते.

या वयाच्या पुरुषाला आपण फक्त कमावता म्हणून ओळखतो. कर्जाचा हप्ता भरला का, एवढेच विचारतो. त्याच्याकडे वीस-पंचवीस वर्षांची कारागिरी असते. गवंड्याला भिंतीचा ओळंबा कळतो, वायरमनला तारांची अक्कल असते, सफाई कामगाराला शहराच्या पोटातल्या सगळ्या गल्ल्या ठाऊक असतात. हे सगळे त्याच्याबरोबर निवृत्त होते. महिन्यातून एका रविवारी वस्तीतल्या एखाद्या कारागिराने पोरांना पंखा उघडून दाखवला, तर पोरांनाही काही मिळेल आणि त्यालाही. बायांनी बचत गटाच्या निमित्ताने ही वाट आधीच धरली आहे. तिथे हिशेब शिकलेली बाई दुसरीला शिकवते. पुरुषांनी त्यांच्याकडून शिकावे.

कोपऱ्यातली पणजी

शेवटचा टप्पा मागे वळून बघण्याचा. जगलो ते ठीक होते का? जे झाले, ते आपलेच म्हणून पदरात घेता आले, तर मन निवते. नाही तर निराशा येते, आता वेळ उरला नाही अशी. एरिक्सन म्हणत, या ओढाताणीतून निघणारे बळ म्हणजे शहाणपण.

मागे वळून बघण्यासाठी ऐकणारा लागतो. म्हातारी माणसे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात, म्हणून आपण कंटाळतो. ती आपले आयुष्य लावत असतात. जसे आपण ट्रंकेतले कपडे काढून, झटकून, पुन्हा घडी घालून ठेवतो, तसे. आणि आपल्या म्हाताऱ्यांकडे साधे आयुष्य नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून शहरात आलेली माणसे अजून आपल्यात आहेत. आईच्या कडेवर बसून दीक्षाभूमीवर गेलेली लेकरे आज सत्तरीत आहेत. नामांतराच्या लढ्यात ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, ते साठी ओलांडून गेले आहेत. ही माणसे काही न सांगता गेली, तर त्यांचे मनही अर्धे राहील आणि ओळख शोधणारा आपला १७ वर्षांचा पोरही अर्धा राहील.

एरिक यांच्या निधनानंतर, १९९७ साली, जोन एरिक्सन यांनी एक नववा टप्पा जोडला. त्या वेळी त्या स्वतः नव्वदीत होत्या. त्यांनी लिहिले की अति वृद्धपणी आधीच्या सगळ्या ओढाताणी पुन्हा समोर येतात. हातपाय साथ देत नाहीत, दुसऱ्याच्या आधाराने उठावे लागते, आणि पहिल्या दीड वर्षाचा प्रश्न परत येतो: हाक मारली तर कोणी येईल का? झोळीतले बाळ आणि कोपऱ्यातली पणजी एकच गोष्ट विचारत आहेत. बिछाना ओला झाला म्हणून पणजीवर ओरडणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे.

आपल्याला करता येण्यासारखे

हे टप्पे म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. वयाचे आकडे पुढे-मागे होतात. एरिक्सन यांनी पाहिलेली माणसे बहुतेक पश्चिमेकडची होती. पण घरात एखादे माणूस वेड्यासारखे वागते आहे असे वाटले, की 'याच्या वयाचे काम काय आणि ते अडले कुठे?' हा प्रश्न विचारून पाहावा. राग थोडा खाली बसतो.

आणि कोणाचा टप्पा हुकला असेल, तर आता काय उपयोग, असे म्हणू नये. चाळिशीत रात्रशाळेत बसणाऱ्या बाया आपल्या ओळखीत आहेत. सहावीत हुकलेले 'मला जमते' त्या तिथे परत मिळवतात. घरच्यांनी त्यांना हसू नये, त्या दिवशीच्या भाकऱ्या दुसऱ्याने थापाव्यात.

काही दुखणी मात्र घरच्या समजुतीने भागत नाहीत. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही, मरणाच्या गोष्टी तोंडात, स्वतःला इजा करणे, नशा सुटत नाही, अशी लक्षणे दिसली तर अंगात आले, करणी झाली असे म्हणत वेळ घालवू नये. सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञ भेटतात. 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक दाराच्या मागे खडूने लिहून ठेवावा.

आता पुन्हा त्या खोलीत जाऊ. जागा वाढलेली नाही, पगारही वाढलेला नाही. आजोबांनी टीव्हीचा आवाज कमी केला आहे. पाचवीतल्या काकाने पेपर बाहेर काढला आहे आणि आजोबा त्याला जमलेले गणित शोधत आहेत. अडीच वर्षांच्या पोरीने चप्पल उलटीच घातली आहे आणि कोणी ती काढून घेतलेली नाही. आत्या शिडीवरून उतरून पणजीजवळ बसली आहे. मोबाइल हातातच आहे, पण तिने त्यात आवाज भरायचे बटण दाबले आहे.

"हां आजी, बोल. तू गावावरून निघालीस तेव्हा तुझं वय काय होतं?"